दहा ते एक बोलायचं नाही

प्रिय शिट्टी,

वसतिगृहाच्या जेवणघरात आपण दोघी लांब टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला बसायचो, ते आज सकाळी भांडी विसळताना आठवलं. त्या दिवशी उकडलेले बटाटे होते, मिठाचं भांडं माझ्याजवळ होतं, आणि जेवताना तोंड फक्त खाण्यासाठी उघडायचं हा मदरचा नियम होता. तू उजव्या कानाची पाळी दोनदा ओढलीस, मी मीठ तुझ्याकडे सरकवलं. झालं, एवढंच. कुणी रागावलं नाही, कुणाला शिक्षा झाली नाही. बटाटे संपले, घंटा झाली, आपण ताटं घेऊन नळाशी गेलो. मधल्या पंचावन्न वर्षांत मला त्या बटाट्यांची एकदाही आठवण झाली नसेल. गेलं दीड वर्ष मात्र रोज होते आहे. का, ते सांगायलाच बसले आहे.

आता रीतीप्रमाणे. नात्याने तू माझी वहिनी, तेव्हा खरं तर 'तीर्थस्वरूप' वगैरे काहीतरी घालून तुला वाकून नमस्कार लिहायला हवा. पण दादाच्या गळ्यात माळ घालण्याआधी दहा वर्षं तू माझ्या शेजारच्या बाकावर बसत होतीस आणि 'स' म्हणताना तुझ्या पुढच्या दातांतून शिट्टी वाजत होती, हा हक्क लग्नाच्या नात्याहून जुना आहे. नमस्कार दादाला सांग. तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कटकट वाजतो म्हणाली होतीस, तो आवाज थांबला की नुसता तुझ्या सवयीचा झाला? दादा अजून वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपतो का? आणि आपल्या सिस्टर घरी जाणारी पत्रं वाचून मगच पाकीट बंद करायच्या, म्हणून पहिली ओळ ठरलेली असायची: मी इथे सुखात आहे आणि अभ्यास चांगला चालला आहे. (तुला गोवर झाला होता तेव्हाही तू हेच लिहिलं होतंस.) तर मी इथे सुखात आहे. अभ्यासाचं पुढे लिहिते.

तुला ठाऊकच आहे, मी लेकीकडे आले ती दहा दिवसांसाठी. एक पिशवी, चार कपडे, वाचायचा चष्मा आणि अर्धवट विणलेला पायमोजा. सहाव्या दिवशी सगळं बंद झालं. रस्ते बंद, दुकानं बंद, नातीची नुकतीच ठरलेली बालवाडी बंद. तिच्या गणवेशाची घडीसुद्धा मोडली नव्हती. आपण काय, म्हटलं, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, तोवर दुसरा मोजा होईल. शिट्टी, मी तेव्हापासून एकवीस मोजे विणले. जोडीतला एक कुठे गेला ते अजून सापडलेलं नाही.

घर तू पाहिलेलं नाहीस. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. दोन माणसं सकाळी कामाला जाऊन संध्याकाळी परत येतात अशा हिशोबाने बांधलेलं. त्यात आम्ही चौघं दिवसभर. लेक एका बँकेच्या मदतकेंद्रात आहे. कार्ड यंत्रात अडकलं, पैसे निघाले नाहीत, खात्याचा परवलीचा शब्द विसरला की लोक जो नंबर फिरवतात, त्याच्या पलीकडे माझी लेक असते. आता ती कपाट आणि खिडकी यांच्यामधल्या बोळकांडीत, कानाला यंत्र लावून, इस्त्रीच्या टेबलावर संगणक ठेवून बसायला लागली. (इस्त्री त्या दिवसापासून निवृत्त झाली.) या नोकरीत एक साहेब असतात. ते कधी दिसत नाहीत, फक्त ऐकतात. कुठलं संभाषण कधी ऐकतील याचा नेम नाही, आणि मागे घरचा आवाज आला की गुण कापतात. कुकर वाजला, एक गुण. दाराची घंटा, एक गुण. शेजाऱ्यांनी खिळा ठोकला तरी गुण आमच्या लेकीचा.

जावई कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर माप पाठवतात आणि जावई त्यावरून प्लास्टरचा जबडा ओततात, मग त्यावर दात बसवतात. हाताला फार सफाई आहे, बोलायला कमी. पण सगळ्या जगाने तोंडावर फडकं बांधल्यावर दात कुणाला दाखवायचे? एकामागून एक गिऱ्हाइकांनी कळवलं की घाई नाही, बोळकं झाकलेलंच आहे. मग त्यांनी दुकान आवरून सामान स्वयंपाकघरात आणलं. खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने जबडे वाळत असायचे. पहिल्या दिवशी मी चहाला उठले आणि चौदा जणांनी माझ्याकडे बघून दात काढले. नंतर सवय झाली. नंतर तर त्यातले दोन-तीन मला आवडायलाही लागले.

आणि आमची ठिणगी. तेव्हा साडेतीन वर्षांची होती. हे नाव तिला उगीच पडलेलं नाही. ती झोपेतून उठायची तीच बोलत, आणि झोपताना वाक्य अर्धं सोडून झोपायची, सकाळी ते तिथून पुढे सुरू. अशी पोर आणि असे साहेब एका घरात. दुसऱ्या आठवड्यात जे व्हायचं ते झालं. लेक एका वयस्कर गृहस्थांना त्यांची शिल्लक सांगत होती आणि ठिणगीने न्हाणीघरातून, शिंग फुंकावं तशा आवाजात, आपलं काम झाल्याचं सगळ्या मजल्याला कळवलं. ते गृहस्थ सज्जन होते, त्यांनी अभिनंदन केलं. ऐकणाऱ्या साहेबांनी पाच गुण कापले आणि लेकीला ताकीद आली. तीन ताकिदी झाल्या की माणूस घरी, आणि लेक तर आधीच घरी होती, तेव्हा ती कुठे जाणार हे आम्हाला कळेना. जावयांच्या हाताला काम नाही, सगळं घर त्या एका यंत्रावर चाललेलं. लेकीचा चेहरा पाहून मी ठिणगीला मांडीवर घेतलं आणि समजावलं. नेमकं काय सांगितलं ते पुढे लिहीन. आत्ता पेन पुढे जात नाही.

मग मी नियम घातला. सकाळी दहा ते एक आणि दुपारी दोन ते पाच, बोलायचं नाही. आणि नुसता नियम घालून मुलं गप्प बसत नाहीत हे माझ्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार? मी आपल्या खुणा काढल्या. एकेक आठवत गेली तशी मीच चकित झाले. कानाची पाळी ओढली की मीठ, ती मी भुकेला लावली. अंगठा ओठाला म्हणजे पाणी. हनुवटीवर मूठ म्हणजे गोष्ट सांग. दोन्ही हात डोक्यावर म्हणजे कंटाळा आला. आणि वेणी मुठीत धरणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. (गणिताच्या सिस्टरना वाटायचं तुला केसांची फार काळजी.) ठिणगीने चार दिवसांत सगळ्या उचलल्या आणि पाचव्या दिवसापासून स्वतःच्या काढायला लागली. नाक दाबलं की 'बाबांनी पुन्हा तीच भाजी केली', ही तिची.

शिट्टी, खोटं कशाला सांगू, मला फार मजा आली. सगळं घर आपल्या जेवणघरासारखं झालं. जावई मुळातच कमी बोलणारे, त्यांना तर खुणा म्हणजे माहेर मिळालं. एकदा आम्ही दोघांनी फक्त हातवाऱ्यांवर मोठं भांडण केलं, नळ कोणी उघडा ठेवला यावरून, आणि शेवटी त्यांनी मला हात जोडले ते नमस्कार म्हणून की पुरे म्हणून ते मी विचारलं नाही. ठिणगीने प्लास्टरच्या जबड्यांची शाळा काढली. ती समोर उभी राहून खुणेने हजेरी घ्यायची. जबड्यांची शिस्त वाखाणण्यासारखी होती. फक्त पुढचा एक दात नसलेला एक जबडा होता, त्याला ती रोज कोपऱ्यात उभं करायची, आणि एकदा तो फ्रिजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात सापडला. बोलण्याची सुट्टी एक ते दोन. त्या तासात ती सकाळचे तीन तास बोलून टाकायची, आणि आम्ही तिघं जेवता जेवता ऐकायचो. बालवाडीचा वर्ग संगणकावर साडेदहाला, वीस मिनिटं. तो नियमाच्या वेळात येत असल्यामुळे ठिणगी तिथेही हातांनीच उत्तरं द्यायची. बाईंना वाटलं आमच्याकडचा माइक बिघडला आहे. वर्षभर तिच्या नावापुढे 'आवाज येत नाही' असा शेरा पडत होता आणि जावयांनी दोनदा नवा माइक आणला. संशय कुणाला आला नाही. मला तर नाहीच. सहा महिन्यांनी ऐकणाऱ्या साहेबांकडून लेकीला पत्र आलं की तुमच्या कामाच्या जागी आदर्श शांतता असते. ते आम्ही फ्रिजवर लावलं. येता-जाता मी ते वाचायची आणि त्यावर मनात माझं नाव घालायची.

दीड वर्षाने शाळा उघडली. गणवेश दंडात घट्ट झाला होता, नवा शिवला. फाटकात मुलांनी उभं राहायला पांढरी वर्तुळं काढली होती, हात धुवायला डबे, प्रत्येकाच्या तोंडावर फडकं. इतर मुलं आयांच्या पायांना मिठ्या मारून रडत होती. बरोबरच आहे गं, अर्धं आयुष्य ज्यांनी घराबाहेर दुसरं मूल पाहिलं नाही, त्यांना बावीस मुलं एकदम म्हणजे बाजारच. आमची ठिणगी मात्र मागे न पाहता आत गेली. लेक रडली, मी रडले, जावयांना शिंक आली. आम्ही तिघं घरी येऊन उगीच एकमेकांना चहा करत बसलो.

तीन आठवड्यांनी वर्गाच्या बाईंचा फोन आला. फार हळुवार बोलत होत्या, आणि शाळेतली माणसं हळुवार बोलली की काळजाचा ठोका चुकतो, हे तुला माहीत आहे. म्हणाल्या की मुलगी हुशार आहे, हसते, सगळं समजतं, पण आल्यापासून तिने एक शब्द उच्चारलेला नाही. एकही नाही. बंदीच्या काळात वाढलेल्या मुलांचं असं होतंय, कुणी उशिरा बोलतंय, कुणी माणसांना बिचकतंय. एकदा डॉक्टरांना दाखवा. लेक नळ सोडून त्याच्या आवाजात रडली. तिला वाटलं, आपण दिवसभर परक्यांशी बोललो आणि पोरीशी बोलायचं राहून गेलं. जावयांना वाटलं, संगणकाने घात केला. कोड्यात पडले होते दोघं, कारण घरी एक ते दोनमध्ये आणि पाचनंतर ती पोपटासारखी बोलत होती. कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाठीमागे उभं राहून अगदी हळू विचारलं, भूक लागली का? ठिणगीने वळून बघत कानाची पाळी ओढली. डॉक्टर म्हणाले, ऐकू उत्तम येतंय, पण कान दुखतोय वाटतं.

मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. आणि शिट्टी, तिथे त्या लाकडी बाकावर मला सगळं उमगलं. पोरीला काही झालेलं नव्हतं. ती नियम पाळत होती. शाळा नऊ ते साडेबारा, पहिला तास प्रार्थनेचा आणि हात धुण्याचा, आणि मग दहा वाजायचे. मी तिला नियम घातला होता, तो घरापुरता आहे हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी काय केलं असेल? गप्प बसले. त्याच दिवशी तिला जवळ घेऊन हळूच सांगितलं की राणी, शाळेत बोललं तरी चालतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ही म्हातारी मला फसवून बघते आहे. आणि लेकीला सांगायचा मला धीर झाला नाही. रोज उद्या सांगू म्हणायची आणि मोजा विणायला घ्यायची.

दरम्यान वर्गात निराळंच चाललं होतं. फडक्याआडून मुलांना एकमेकांचं बोलणं कळत नव्हतं, बाई दिवसभर ओरडून घसा बसवून घेत होत्या, आणि बाकं एकमेकांपासून चार चार हात लांब. अशा ठिकाणी खुणा काय चालल्या असतील, विचार कर. खिडकीजवळच्या लाल रिबीनवालीने पहिल्यांदा उचलल्या, मग तिच्या पुढच्याने, आणि दहा दिवसांत बावीसच्या बावीस मुलं तरबेज झाली. घराघरांतून शाळेत फोन यायला लागले. एकाचा मुलगा जेवताना कान ओढतो. एकीची मुलगी पाहुण्यांसमोर डोक्यावर हात ठेवून बसते. सगळ्यात मोठी तक्रार वेणीची, कारण ज्यांना वेणी नाही ते बाथरूमला जायचं असलं की शेजारणीची धरायला लागले, आणि अंतर ठेवा या नियमाचा तिथेच निकाल लागला. मुख्याध्यापिकांनी आम्हाला बोलावणं पाठवलं. बुधवारी अकरा वाजता, मुलीसह, आणि खुणा जाणणारं कुणी असल्यास त्यांनाही आणा.

लेक पाऊण तासाची सुट्टी काढून तशीच आली, यंत्र गळ्यात लोंबकळत होतं. वर्गात मुलांच्याच खुर्च्या. मी बसले तेव्हा माझे गुडघे हनुवटीला लागले, आणि आता उठताना काय होणार याच विचारात निम्मं लक्ष. मुख्याध्यापिका माझ्याहून थोड्या लहान, चष्म्यावर वाफ धरलेली, पण नजर अगदी मदरची. त्यांनी ठिणगीला खुणा करून दाखवायला सांगितल्या आणि मला अर्थ विचारले. मी सांगत गेले. आणि तुला म्हणून सांगते, दोन मिनिटांत मला अपराधीपणाचा विसर पडला. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला वर्गात काही विचारत होतं आणि मला सगळं येत होतं. मी पाठ ताठ करून एकेक उत्तर दिलं. गोष्ट सांग. पाणी हवं. कंटाळा आला. बाई लिहून घेत होत्या.

मग मुख्याध्यापिका ठिणगीच्या उंचीला वाकल्या आणि विचारलं, बाळा, तू शाळेत बोलत का नाहीस?

ठिणगीने ओठांवर बोट ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे दाखवलं. मग आईच्या गळ्यातल्या यंत्राकडे. आणि मग मूठ मिटून ती उघडली आणि रिकामा तळवा सगळ्यांना दाखवला.

ही शेवटची खूण माझी नव्हती, तुझीही नव्हती. तिची तिने काढलेली. मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे पाहिलं. लेकीने पाहिलं. मला अर्थ कळला होता. तरी मी म्हणाले, ही मला येत नाही.

ठिणगीला माझी दया आली. आपल्या वर्गात एखाद्या ढ मुलीला उत्तर येईना की तू खालून सांगायचीस, तसं तिने तोंडावरचं फडकं हनुवटीखाली ओढलं आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात सांगितलं, "आजीला आठवत नाहीये. दहा ते एक बोललं की आईची नोकरी जाते. आजीनेच सांगितलंय मला."

शाळेतले तिचे पहिले शब्द हे. मला वाचवायला बोलली गं ती.

हेच ते, जे मघाशी लिहवलं नाही. त्या ताकिदीच्या दिवशी मी तिला मांडीवर घेऊन हेच सांगितलं होतं, की दहा ते एक बोललीस तर आईची नोकरी जाईल. आपण नाही का मुलांना सांगत, बी गिळलीस तर पोटात झाड उगवेल? तशातलंच. बोलले आणि विसरले. ती विसरली नाही. दीड वर्ष साडेतीन-चार-पाच वर्षांची ती पोर रोज सकाळी दहाला तोंड मिटून आईची नोकरी धरून बसली होती. आम्हाला वाटत होतं घर लेक चालवते. आणि तिला शाळा आवडत होती, मैत्रिणींशी बोलायचं होतं, तरी मूठ तिने सोडली नाही.

लेकीने ठिणगीला उचललं, पाय जमिनीला टेकतील एवढी झाली आहे आता, तरी कडेवर घेऊन घरी आली. दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी, ऐन नियमाच्या वेळात, तिला मांडीवर बसवलं आणि जेवणानंतरचा पहिला फोन घेतला. मी आणि जावई दारात. जावयांच्या हातात ओला जबडा तसाच. पलीकडे एक आजोबा होते, त्यांचं कार्ड यंत्रात अडकलं होतं. लेक म्हणाली, माझी मुलगी इथे बसली आहे, ती तुमच्याशी बोलली तर चालेल का? आजोबा चालेल म्हणाले असावेत. ठिणगीने आधी आमच्याकडे पाहिलं. मग इतक्या हळू, की श्वासच जणू, विचारलं, तुमचं कार्ड अडकलंय का? मग जरा मोठ्याने, तुम्ही ओढून पाहिलंत का? मग आवाज चढतच गेला. आजोबांच्या घरी कोण असतं, ते एकटे असतात का, त्यांना दात आहेत का, नसले तर बाबा करून देतील. पंधरा मिनिटं. कार्डाचं काम शेवटच्या मिनिटात झालं.

त्यानंतर आम्ही नोकरी जायची वाट बघत बसलो. ठिणगी दर पाच मिनिटांनी खोलीत जाऊन यायची.

"आई, आहे अजून?"

"आहे."

परत जायची, परत यायची. "आता?"

"आहे गं."

पाच वाजेपर्यंत तिने तीस वेळा विचारलं असेल आणि लेकीने तीसही वेळा सारख्याच आवाजात उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी ऐकणाऱ्या साहेबांचा निरोप आला. तीन गुण कापले होते. खाली लिहिलं होतं, नियम आहे, कापावे लागतात, पण कॉल मी दोनदा ऐकला, माझ्याही घरी एक चार वर्षांचा आहे, तोसुद्धा हल्ली फार शांत असतो, आज सुट्टी घेऊन त्याच्याशी बोलत बसणार आहे. लेकीने ते ठिणगीला वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग त्यांनी आधीच सांगायचं ना.

चार दिवसांनी वर्गाच्या बाईंचा पुन्हा फोन. आवाज हळुवार नव्हता. म्हणाल्या, तुमची मुलगी थांबत नाही. बरोबर आहे, दीड वर्षाचं साचलेलं आहे, उतरायला वेळ लागेल. आता ती सकाळी उठल्यापासून बोलते, दात घासताना बोलते, पाणी पिताना पेल्यात बोलते. मुख्याध्यापिकांनी खुणा बंद करायला सांगितल्या, पण वेणीची राहिली आहे, कारण ती बाईंनाच सोयीची वाटते म्हणे. आणि मी? मी ठिणगीची माफी मागितली. नीट, खुर्चीत बसवून, जसं मोठ्यांची मागावी तशी. सांगितलं की आजी खोटं बोलली होती. तिने विचारलं, मुद्दाम की चुकून? मी म्हटलं चुकून. ती म्हणाली, मग ठीक आहे, पण पुन्हा करू नकोस. एवढ्या स्वस्तात मला आपल्या शाळेत कधी कुणी सोडलं नव्हतं.

असं आहे सगळं. आम्ही मजेत आहोत. कानात दडे बसले आहेत, पण मजेत. गुडघ्याला शेक घे, दादाला नमस्कार सांग, आणि माझी काळजी करू नकोस.

तुझी,
खिडकीकडच्या टोकाची

ता. क. एक गोष्ट राहिली. शाळेतून आल्यावर लेकीने विचारलं, आई, हे खुणांचं खूळ मुळात आणलं कुणी? त्या वाक्याची जबाबदारी मी घेतली, ती माझीच होती. पण एका दिवसात माणूस किती कबूल करणार? खुणा तू शोधल्यास असं मी सांगितलं. सगळ्या. (मला ठाऊक आहे की तुझी फक्त मिठाची होती.) तिचा फोन येईल तेव्हा हो म्हण. तू लांब आहेस, तुझ्यावर ती किती रागावणार? मला रोज तिच्या हातचा चहा प्यायचा आहे.

आणखी एक ता. क. माझ्या घराची किल्ली तुझ्याकडे आहे, तर एकदा जाऊन कुंड्या खालच्या शिंपीणबाईंना देऊन टाक. गच्चीतली लांब आरामखुर्ची दादाला ने, त्याला वर्तमानपत्रासकट मावेल. वर मी लिहिलं की एवढं बोलणं ऐकून कानात दडे बसलेत वगैरे, पण मला इथून हलायचं नाही. 'पुढच्या महिन्यात येते' असं तुला सहाव्यांदा सांगायची लाज वाटते, म्हणून हे एवढं लांब पत्र.

शेवटचं. सोबतच्या खोक्यातलं काय कुणाचं ते लिहिते, नाहीतर तू सगळं एकदम उघडशील. मऊ कापडात गुंडाळलेली कवळी दादाची. जावयांनी स्वतः केली आहे, आता लोकांनी तोंडं उघडली तसा धंदाही उघडला आहे. टोचली तर फोन करायचा, कानस लावायची नाही. करड्या रंगाचा मफलर तुझा. एक टोक जास्त लांब झालं आहे, तेव्हा ठिणगी मला तिच्या मैत्रिणीच्या काकांच्या कुत्र्याची गोष्ट सांगत होती. मोजे शिंपीणबाईंच्या मुलांना, जोड्या जुळत नाहीत, पण मुलांना चालेल. आणि तळाशी जाड पाकीट आहे त्यात ठिणगीचं पत्र. ती सांगत गेली, मी लिहीत गेले, अकरा कागद झाले. वरचे दोन दादाचे, कारण तो झोपतो हे मी तिला सांगितलं आहे. बाकीचे नऊ तुझे. मनातल्या मनात वाचायचे नाहीत, असं तिने बजावलं आहे. सकाळी अकरा वाजता, खिडक्या उघड्या टाकून, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाच.